सत्त्याण्णव सालचा मे

कुमुदताई घारपुरेंना मी पहिल्यांदा पाहिलं ते कचऱ्याच्या पेटीशेजारी, हातात ब्रेड कापायची सुरी घेऊन उकिडव्या बसलेल्या.

दुबईत, अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या मागे लोखंडी कचरापेटी होती. चौऱ्याण्णवच्या जानेवारीतला शुक्रवार होता. नाताळ होऊन गेला होता आणि कुणीतरी घरातलं ख्रिसमसचं झाड चमचमत्या दोऱ्यांसकट पेटीला टेकवून ठेवलं होतं. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट घातलेली एक बाई त्या झाडाचा बुंधा आडवा धरून त्यावर सुरी करवतीसारखी चालवत होती. वॉचमन करीम कमरेवर हात ठेवून बघत होता. मला पाहून म्हणाला, "मॅडम, ये आपके ही मुलुक की लगती है. पूछो ना, क्या चाहिए इनको."

मी मराठीत विचारलं. वर न बघता बाई म्हणाल्या, "चकती."

"कसली?"

"बुंध्याची. वाढ बघायची आहे. आणि हे पाइन नाही, फर आहे. दुकानात काहीही नावानं विकतात."

चकती सुटली तशी त्यांनी ती तळहातावर घेतली, पदरानं पुसली, अंगठ्याच्या नखानं मधल्या ठिपक्यापासून सालीपर्यंत रेघ ओढली आणि नाक मुरडलं. "खायला घालून फुगवलंय नुसतं. डोंगरावर एवढं व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं." मग उठून, साडी झटकून मला म्हणाल्या, "तुम्ही चौथ्या मजल्यावरच्या ना? आम्ही समोर आलोय. तुमच्याकडे बरी सुरी आहे का? हिची धार गेली."

दोन-तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन त्या दुबईला आल्या होत्या. वय छत्तीस. नवरा विनायक घारपुरे एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर, चाळिशीचा, मनमिळाऊ, थोडा लाजरा. दोघांचंही लग्न उशिरा आणि एकाच अटीवर ठरलेलं. ती अट घारपुरे सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. "आमची बायको वर्षातले सात महिने माझी आणि पाच महिने झाडांची."

ते खरंच तसं होतं. हिमाचलातल्या एका दरीत कुमुदताई दहा वर्षं काम करत आल्या होत्या. तिथल्या लोकांच्या भाषेत 'कैल' म्हणतात ते पाइन, डोंगरावर जिथे जंगल संपतं आणि नुसतं गवत सुरू होतं, त्या काठावरचं. काही झाडं अगदी वर, काही त्याच उतारावर खाली. प्रत्येकाच्या बुंध्याला त्यांनी पोलादाची पातळ पट्टी गुंडाळली होती, तिला स्प्रिंग लावलेली. झाड केसाएवढं जरी जाड झालं तरी पट्टी सरकायची. बर्फ वितळायला लागल्यापासून पुन्हा थंडी पडेपर्यंत दर आठवड्याला तिथे जाऊन ती पट्टी वाचायची. मे ते सप्टेंबर. यूएईच्या बाहेर सहा महिने राहिलं की व्हिसा जातो, म्हणून पाच महिन्यांवर त्या कधीच जाणार नव्हत्या. घारपुऱ्यांना तो हिशेब फार आवडायचा.

पहिले दोन उन्हाळे कुमुदताई गेल्या. आम्ही इथे बिल्डिंगमध्ये घामाच्या धारा पुसत असायचो आणि त्यांचं पत्र यायचं की काल रात्री गारा पडल्या, कळ्या थबकल्या आहेत.

त्यांची बोलायची एक तऱ्हा होती. कुणीही काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, "कशावरून?" लिफ्टमध्ये कुणी म्हणालं, "आज जास्तच गरम आहे नाही?" की, "कशावरून?" भांडायला म्हणून नव्हे, त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं. खिडकीबाहेर त्यांनी थर्मामीटर टांगला होता, त्यामुळे लोकांचं म्हणणं पुष्कळदा खोटंही ठरायचं. दुसरा शब्द म्हणजे 'कधी'. माझा मुलगा वर्षभरात बराच उंच झाला, असं मी कौतुकानं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "कधी?" मला कळेना. "किती वाढला ते कुणीही फूटपट्टीनं सांगेल, नीला. कधी वाढला? सुट्टीत? आजारपणानंतर? ते तुला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं.

आणि लाकूड. कुणाच्याही घरी गेल्या की त्यांचा हात आधी टेबलाखाली जायचा. बिल्डिंगमधल्या देवबाईंनी शिसवी म्हणून मोठ्या मिरवत आणलेल्या डायनिंग टेबलाची खालची, पॉलिश न केलेली बाजू चाचपून त्या भर जेवणात म्हणाल्या, "अहो, हे पाइन आहे. बरं आहे पण. मन लावून वाढलेलं आहे." देवबाईंना फक्त पहिलं वाक्य ऐकू गेलं. पुन्हा त्यांनी घारपुऱ्यांना बोलावलं नाही. घारपुरे घरी येऊन म्हणाले, "कुमुद, प्रत्येक गोष्ट सांगायलाच हवी का?" त्या म्हणाल्या, "त्यांनीच विचारलं होतं, कसं आहे म्हणून."

अशा बाईला फार मैत्रिणी मिळत नाहीत. मी मिळाले ती समोरच राहत होते म्हणून, आणि मला त्यांचं ऐकायला आवडायचं म्हणून. त्यांच्या डोंगराची गोष्ट मला त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळली. वरची झाडं थंडीला टेकलेली असतात. उन्हाळा उबदार गेला की ती खूश असतात, वाढतात. खालची झाडं पाण्याला टेकलेली असतात. बर्फ कमी पडलं, वसंत कोरडा आणि गरम गेला की ती तोंड मिटून घेतात. तोच डोंगर, तेच झाड, तीच ऊब, पण वरच्याला ती मानवते आणि खालच्याला मारते. आणि हे सगळं ठरतं ते मे आणि जून या दोन महिन्यांत. "लोक म्हणतात, गरम झालं तर जंगल वर सरकेल," त्या म्हणायच्या. "कशावर? वर खडक आहे."

शहाण्णवच्या जानेवारीत मृण्मयी झाली, मिनू. त्या वर्षी त्या गेल्या नाहीत. त्यांच्या वनसंशोधन संस्थेतल्या बिष्ट नावाच्या तरुण मदतनिसानं त्यांच्या जागी पट्ट्या वाचल्या आणि दर पंधरवड्याला फोनवर सांगितल्या. मिनूला मांडीवर घेऊन त्या फोनवर "हां, आगे?" करत लिहून घ्यायच्या आणि मध्येच ओरडायच्या, "नहीं बिष्ट, ये कैसे होगा, फिर से जा के देखो!" बिचारा पुन्हा डोंगर चढून जायचा.

सत्त्याण्णवला त्या मिनूला घेऊन स्वतः जाणार होत्या. मार्चपासून तयारी. लहान मुलांचे लोकरीचे कपडे दुबईत कुठे मिळणार? शारजातल्या रोल्लाच्या बाजारात आम्ही दोघी दोन शुक्रवार हिंडलो, तेव्हा एका सिंध्याच्या दुकानात एक लाल स्वेटर मिळाला. संस्थेला त्यांनी कळवून टाकलं की यंदा मी येते आहे, बिष्टला दुसऱ्या कामावर पाठवलंत तरी चालेल. संस्थेनं त्याला दुसऱ्या दरीत पाठवलं.

आणि एप्रिलच्या शेवटी पासपोर्ट मिळेनात.

त्या काळी पासपोर्ट कंपनीकडे, व्हिसाची कामं बघणाऱ्या पीआरओच्या तिजोरीत ठेवायची सगळीकडेच रीत होती, बायका-मुलांचेसुद्धा. घारपुरे म्हणाले, "पीआरओ रजेवर गेलाय. तिजोरीची चावी त्याच्याकडे. आला की मिळतील." आठवडा गेला. "अगं, त्याची रजा वाढली." आणखी एक आठवडा. मग इमिग्रेशनमध्ये काहीतरी स्टॅम्पिंगला गेलेत. मग, "उद्या, इन्शाल्ला." कुमुदताई रोज खालच्या फोन बूथवर कार्ड घेऊन जायच्या आणि संस्थेत सांगायच्या, पुढच्या आठवड्यात निघते. घरात बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या. मिनू त्यांच्यावर चढून बसायची.

मे असा गेला. जूनच्या मध्यावर एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता नको. आता जाऊन उपयोग नाही."

मी म्हटलं, "अजून तीन महिने आहेत की. पट्टी तर तिथेच आहे, किती सरकली ते दिसेलच."

"किती ते दिसेल," त्या म्हणाल्या. "कधी ते गेलं."

घरी जाऊन त्यांनी बॅगा उपसल्या. पासपोर्ट जुलैत मिळाले.

नोव्हेंबरात, हवा जरा माणसात आल्यावर, घारपुऱ्यांच्या कंपनीची पिकनिक होती. समुद्राकाठच्या एका बागेत, कुटुंबांसह. आमच्याकडे तेव्हा गाडी नव्हती, म्हणून घारपुरे आम्हालाही घेऊन गेले. जेवणाच्या रांगेत कुमुदताईंच्या पुढे त्यांचा तो पीआरओ उभा होता, कुट्टी नावाचा मल्याळी गृहस्थ, हसतमुख. त्यांनी सहज विचारलं, "छुट्टी कैसी रही आपकी? मई में गए थे ना गाँव?"

"छुट्टी? नहीं मॅडम," कुट्टी म्हणाला. "इस साल तो मैं गया ही नहीं. बेटी का एक्झाम था."

"और पासपोर्ट? हमारे तीनों के?"

"वो तो साहब एप्रिल में ही ले के गए. साइन कर के. क्यों मॅडम, कुछ प्रॉब्लेम है?"

"नहीं," कुमुदताई म्हणाल्या. "कोई प्रॉब्लेम नहीं." आणि त्याच्या ताटात त्यांनी पुलाव वाढला. मग मागच्या माणसाच्या. मग रांगेत जे जे आले त्या सगळ्यांच्या, पातेलं संपेपर्यंत.

परतताना मी, माझा नवरा आणि आमचा मुलगा मागच्या सीटवर. मिनू कुमुदताईंच्या मांडीवर झोपलेली. शारजाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "विनायक, पासपोर्ट कुठे होते?"

घारपुरे समोर बघत राहिले. "माझ्या ड्रॉवरमध्ये."

"कधीपासून?"

"एप्रिल." मग सिग्नल सुटला आणि त्यांचा आवाजही सुटला. "कुमुद, ती सव्वा वर्षाची होती. तिथे धड डॉक्टर नाही, रस्ता नाही. तुझं ते दगडांचं घर. तिला काही झालं असतं तर? मी रात्र-रात्र झोपलो नाही एप्रिलमध्ये. तू माझं ऐकलं असतंस का? सांग ना. मी नको म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," कुमुदताई म्हणाल्या.

"मग?"

"पण तू नाही म्हणाला असतास, तर निदान बिष्टला तिथे ठेवून घेतलं असतं."

घारपुरे रडत होते. त्यांचे हात स्टिअरिंगवर असल्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते, आणि कुमुदताईंनी काही त्यांना रुमाल दिला नाही.

मी घारपुऱ्यांना दुष्ट म्हणणार नाही. ते मुलीवर जीव टाकणारे, बायकोचा अभिमान असणारे गृहस्थ होते. त्यांना एवढंच वाटलं होतं की एक वर्ष गेलं तर काय बिघडतं, झाडं कुठे पळून जातायत. बहुतेक सगळ्यांना असंच वाटलं असतं. आमच्या घरातही वाटलं. माझा नवरा त्या दिवशी म्हणाला, "एवढं काय त्यात? पोरीपेक्षा पाइन मोठं?"

कुमुदताईंना बरं वाटावं म्हणून काही दिवसांनी मी एक बोलून गेले. त्यांच्याकडूनच ऐकलं होतं की फार कठीण वर्षी अगदी वरच्या झाडाच्या बुंध्यात त्या वर्षाची कड, म्हणजे वाढीचं वर्तुळ, उमटतच नाही. झाड जिवंत असतं, पण त्या सालाची खूण मागे राहत नाही. मी म्हटलं, "तसं समजा ना, कुमुदताई. एक वर्ष कड उमटली नाही. झाड काही मरत नाही तेवढ्यानं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून आठवतं. "झाडांची उदाहरणं माणसांना देऊ नकोस, नीला. झाडाला थंडी अडवते. मला थंडीनं नाही अडवलं."

त्यानंतर संस्थेचं पत्र आलं. सलग मोजणी तुटली असल्यानं त्या जागेचा खर्च पुढे देता येत नाही, असं सभ्य भाषेत. कुमुदताईंनी उत्तर लिहिलं नाही. आमच्या कंपनीत त्याच सुमारास जागा निघाली. मी एका लँडस्केपिंग कंपनीत ड्रॉइंगं काढायचे. बागा, हॉटेलांचे लॉन, श्रीमंतांचे व्हिले. त्यांना झाडांतलं कळणारा माणूस हवा होता. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला नोकरीसाठी नवऱ्याची एनओसी लागते. घारपुऱ्यांनी ती एका दिवसात टाईप करून, सही करून आणली. कुमुदताई तो कागद हातात धरून हसल्या. हसू चांगलं नव्हतं.

आमचे मॅनेजर फर्नांडिस. वसईचे, मराठी आपल्यासारखंच बोलणारे, घरची केळीची वाडी असलेले. कामात हुशार आणि कुणालाही नाही म्हणण्यात दुबळे. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं युरोपातल्या डोंगरात सुट्टी घालवली. परत आल्यावर त्याला आपल्या व्हिल्याभोवती तेच हवं होतं. उंच डोंगरावरची पाइनची झाडं. कुंपणाच्या आतून दोन्ही बाजूंनी रांग.

फर्नांडिसांनी कुमुदताईंना केबिनमध्ये बोलावलं. ड्रॉइंग घेऊन मीही होते.

"जगणार नाहीत," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आपण पाणी देऊ. शेड-नेट लावू. मिस्टचे फवारे लावू. इथे लोक गुलाब जगवतात."

"दिवसाचा प्रश्न नाही, फर्नांडिस. रात्रीचा आहे. रात्र गार पडली तर झाड दिवसा कमावलेलं साठवतं. तुमच्याकडे जुलैची रात्र गार पडत नाही. ते रात्रभर स्वतःलाच खात बसेल. आणि पुढच्या वर्षी कळी धरायला हिवाळा लागतो. तो कुठून आणणार?"

"मग क्लायंटला काय सांगू?"

"हेच सांगा."

फर्नांडिसांनी खुर्ची मागे ढकलली. "मॅडम, त्याला नाही म्हटलं तर तो दुसऱ्याकडे जाईल, आणि तो दुसरा हीच झाडं याच्याहून वाईट लावेल. इन्शाल्ला म्हणा आणि करा."

डिसेंबरात गार कंटेनरमधून झाडं आली. मुळांभोवती गोणपाट बांधलेली, माणसाच्या दीडपट उंच, निळसर हिरवी. कुमुदताई कंटेनरच्या दाराशी उभ्या होत्या. आतून जो वास आला त्यानं त्यांनी एकदम डोळे मिटले. मग त्यांनी ती झाडं लावली, आणि मी कुणालाही इतक्या काळजीनं काही लावताना पाहिलेलं नाही. खड्ड्याच्या तळाशी खडी. मुळांवर पांढऱ्या दगडांचा थर, जमीन तापू नये म्हणून. संध्याकाळचं पाणी बर्फाच्या कारखान्यातून. मजुरांना त्या हिंदीत सांगायच्या, "बच्चे को सुलाते हैं, वैसे." मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक आहे ना, मरणार आहेत म्हणून?" त्या म्हणाल्या, "त्यांना ठाऊक नाही."

फेब्रुवारीत प्रत्येक फांदीच्या टोकाला कोवळे, फिकट कोंब उभे राहिले, मेणबत्त्या लावाव्यात तसे. मालकानं पार्टी दिली. फर्नांडिस कुमुदताईंचा हात धरून म्हणाले, "बघा! बघा मॅडम! तुम्ही जादू केलीत!" बिल्डिंगमध्ये घारपुऱ्यांनी पेढे वाटले. कुमुदताई मला म्हणाल्या, "शिल्लक होती ती सगळी काढली झाडांनी. आता काही नाही."

मेअखेर कोंब माना टाकून लोंबले. जूनमध्ये झाडं विटकरी झाली, सगळी एकदम. मालकाच्या माणसासमोर बैठक झाली. फर्नांडिस म्हणाले की प्रवासात धक्का बसला असावा. कुमुदताई म्हणाल्या, "प्रवासात काही झालं नाही. ही झाडं इथली नाहीत. मी डिसेंबरच्या आधीच सांगितलं होतं."

मला वाटलं, आता ओरडा होणार. मालकाचा माणूस मात्र थोडा विचार करून, शांतपणे इंग्रजीत म्हणाला, "पण हिवाळ्यात तर छान दिसली. आमचे पाहुणे हिवाळ्यातच येतात." मग त्यानं विचारलं, "दर डिसेंबरला नवी आणता येतील?"

फर्नांडिस कुमुदताईंकडे बघू लागले. मीही. त्या बराच वेळ टेबलाच्या खालच्या बाजूवरून हात फिरवत होत्या. मला वाटलं, त्या उठतील, राजीनामा देतील, निदान 'कशावरून' तरी म्हणतील.

"येतील," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरात ऑर्डर द्या. डिसेंबरला लावू, जूनला काढू."

जिन्यावर मी त्यांना गाठलं. "कुमुदताई, हे काय केलंत?"

"त्यानं खरं विचारलं, मी खरं सांगितलं. दर वर्षी आणता येतात."

"अहो, पण तुम्ही..."

"माझ्या वयाची झाडं आहेत ती, नीला. मला माहीत आहे." आणि त्या खाली उतरून गेल्या.

मग दर वर्षी ते होऊ लागलं. आपल्याकडे दसऱ्याला झेंडू आणतात तशी डिसेंबरात पाइन यायची. दोन वर्षांत आणखी तीन व्हिल्यांनी मागणी केली. कुमुदताई डिपार्टमेंटच्या हेड झाल्या, त्यांना कंपनीची गाडी आणि ड्रायव्हर मिळाला. लागवडीची ती जुनी काळजी मात्र गेली. खडी नाही, बर्फाचं पाणी नाही. "जूनपर्यंतच टिकायचंय ना," त्या म्हणायच्या, "मग कशाला?" बूट जाऊन पायात सँडल आल्या. 'कशावरून' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. कुणी काही म्हणालं की त्या नुसती मान डोलवायच्या. घारपुऱ्यांना वाटलं, बायको निवळली. एकदा मला म्हणालेसुद्धा, "आता कशी सगळ्यांत मिसळते बघा."

दोन हजार एक साली बिष्ट आला. आता डॉक्टर बिष्ट. कुठल्यातरी परिषदेला निघाला होता, वाटेत दोन दिवस दुबईत उतरला तो केवळ यांना भेटायला. घारपुऱ्यांनी त्याला जेवायला बोलावलं, आम्हीही होतो. तोंडावर ऊन खाल्लेला, हळू बोलणारा माणूस. कुमुदताईंच्या पाया पडला. त्यानं ती जागा पुन्हा मिळवली होती. पट्ट्या बऱ्याचशा शाबूत होत्या, त्या वाचायला त्यानं परत सुरुवात केली होती.

"मॅडम," जेवताना तो म्हणाला, "सत्तानवे के कोअर निकाले मैंने." म्हणजे बुंध्यात बारीक नळी घालून आतल्या लाकडाची काडी काढली होती, कडा बघण्यासाठी. "नीचेवाले पेड़ उस साल लगभग बढ़े ही नहीं. ऊपरवालों की रिंग भी अजीब है. आपके पूरे रेकॉर्ड में वैसा साल नहीं है."

कुमुदताईंनी घास खाली ठेवला. "कब रुके? मई में या जून में?"

बिष्ट ओशाळला. "वो तो मॅडम..." त्या वर्षी तिथे कुणी नव्हतं.

घारपुरे ताटाकडे बघत होते. पाच वर्षांच्या मिनूनं विचारलं, "बाबा, व्हॉट हॅपन्ड?" ते म्हणाले, "नथिंग, बेटा. खा."

निघताना बिष्टनं फार विनवलं. अगले मई, मॅडम. घर वैसा ही है. आप बस आ जाइए, हिसाब आप ही समझ सकती हैं. त्याच्या मागे उभे असलेले घारपुरे घाईघाईनं म्हणाले, "जा, कुमुद. खरंच जा. मिनूचं मी बघतो. तिकीट उद्याच काढतो मी." इतक्या आर्जवानं म्हणाले की मला त्यांची दया आली.

"बघू," कुमुदताई म्हणाल्या.

त्या मेमध्ये गेल्या नाहीत. पुढच्याही नाही. दोन्ही वर्षी घारपुऱ्यांनी तिकीट काढलं, दोन्ही वर्षी कुमुदताईंनी ते रद्द करायला लावलं. कामं आहेत, म्हणाल्या. एकदा मी जोर धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "तो मला जाऊ देतोय म्हणून जाऊ? त्याला बरं वाटावं म्हणून?" एवढा राग साठवून ठेवणं आणि त्यासाठी आपलीच एकेक वर्षं देत जाणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण पासपोर्ट माझे नव्हते.

दोन हजार तीनच्या जुलैत आम्ही दुबई सोडून पुण्याला परत आलो. त्याआधी जूनमध्ये एका दुपारी मी कुमुदताईंना माझ्या गाडीनं विमानतळावर नेलं, कारण तिथून आम्हा दोघींना परस्पर साईटवर जायचं होतं. घारपुरे आणि मिनू सुट्टीला निघाले होते. मिनूला बर्फ बघायचं होतं, म्हणून हिमाचल. घारपुऱ्यांनी बिष्टला फोन करून ती दरीसुद्धा वाटेत घेतली होती. शेवटच्या क्षणापर्यंत ते म्हणत होते, "चल ना, कुमुद. अजून सीट मिळेल. कपडे तिथे घेऊ."

"आज झाडं काढायची आहेत," त्या म्हणाल्या.

मिनूच्या पाठीला गुलाबी सॅक होती. तिनं आईचा हात ओढला. "आई, बाबा सेज युअर ट्रीज आर देअर. हाऊ विल आय नो विच वन्स आर युवर्स?"

कुमुदताई खाली वाकल्या, तिच्या सॅकचे पट्टे सारखे केले. "पोटाला पट्टी बांधलेली असेल. वरच्यांना हात लाव, खालच्यांना नको. खाली जाऊच नको."

"व्हाय?"

"बाबांना विचार," असं म्हणून त्यांनी तिचा मुका घेतला. घारपुऱ्यांकडे पाहून नुसती मान हलवली. ती दोघं पासपोर्ट हातात धरून आत गेली, मिनू मागे वळूनवळून हात हलवत होती. ती दिसेनाशी झाल्यावरही कुमुदताई काचेशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता तरी त्या रडतील, म्हणून मी जरा मागेच राहिले.

त्यांनी घड्याळ बघितलं. "चल, नीला, लवकर," त्या म्हणाल्या. "साडेतीनला क्रेन येणार आहे."